‘यप्पी’ म्हणजे कोण? अर्थ, उगम आणि वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘यप्पी’ म्हणजे नेमकं कोण?

मोठ्या शहराच्या मध्यभागी राहणारा, पंचविशी ते चाळिशीच्या दरम्यानचा, उत्तम शिकलेला, भरघोस पगाराची नोकरी किंवा पेशा असलेला आणि तो पगार कशावर उडवायचा याबाबत कमालीचा चोखंदळ असा माणूस. बाईसुद्धा. वकील, बँकेतला गुंतवणूक अधिकारी, मॅनेजमेंट सल्लागार, जाहिरात कंपनीतली वरच्या हुद्द्यावरची मंडळी ही त्याची ठरलेली उदाहरणं. शब्द अमेरिकेतला, १९८० च्या सुमाराचा.

नुसता पैसा असून भागत नाही. वडिलोपार्जित इस्टेटीवर जगणारा यप्पी नव्हे. त्याच्यापेक्षा दुप्पट कमावणारा दुकानदारही नव्हे, आणि उपनगरात बंगला, हिरवळ, दोन मुलं आणि कुत्रा असा संसार मांडून बसलेला दंतवैद्यही नव्हे. वय, शहर, पदवी, पगार आणि खर्चाची तऱ्हा हे सगळं जुळून यावं लागतं. शिवाय हा शब्द जवळपास नेहमी दुसऱ्याबद्दल वापरला जातो. ‘मी यप्पी आहे’ असं कुणी म्हणालंच, तर ते स्वतःची थट्टा करत असतं.

‘यप्पी’, ‘यपी’ की ‘युप्पी’?

इंग्रजी उच्चार ‘यपी’च्या जवळ जातो. पण ‘हिप्पी’ मराठीत आधीच रुळलेला आहे आणि हा शब्द त्याच्याच साच्यातून निघाला आहे, म्हणून ‘यप्पी’ बरं. ‘युप्पी’ हे स्पेलिंग बघून केलेलं लेखन आहे, ते टाळा. रूपं ‘हिप्पी’सारखीच चालवावीत: तो यप्पी, ती यप्पी, ते यप्पी, यप्पींना, यप्पींचा.

ही अक्षरं कशाची?

‘यंग अर्बन प्रोफेशनल’ यातली वाय, यू, पी ही आद्याक्षरं, आणि त्यांना ‘हिप्पी’चं शेपूट. काही ठिकाणी ‘यू’ म्हणजे ‘अपवर्डली मोबाइल’, अर्थात वरच्या पायरीकडे सरकणारा, अशीही फोड सापडते. त्यावरून ‘यंपी’ असा वेगळा शब्दही १९८४ च्या आसपास चालवून पाहिला गेला, पण तो तगला नाही. पहिली फोड माणूस राहतो कुठे ते सांगते, दुसरी तो निघालाय कुठे ते. आमच्या मते पहिलीच मूळ धरावी. का, ते पुढच्या उत्तरात येतं.

हा शब्द पहिल्यांदा छापला कुठे गेला?

सगळ्यात जुना, पक्का पुरावा म्हणून दाखवला जातो तो ‘शिकागो’ या मासिकाच्या मे १९८० च्या अंकातला डॅन रॉटनबर्ग यांचा लेख. हा लेख शेअर बाजारावर नाही की फॅशनवरही नाही. त्याचा विषय आहे घरं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतला गोरा मध्यमवर्ग शहरं सोडून उपनगरांत गेला. मोटार, महामार्ग आणि सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जं यांनी ते सोपं केलं. शहरांचा मध्यभाग ओस पडत गेला, दुकानं बंद झाली, कराचं उत्पन्न आटलं. सत्तरच्या दशकात उलटी चाहूल लागली: उपनगरात वाढलेली मुलं शिकून नोकरीला लागली आणि पुन्हा शहरात घरं शोधू लागली. शिकागोचं जुनं व्यापारी केंद्र ‘लूप’ या नावाने ओळखलं जातं. त्याच्यापासून दोन मैलांच्या आत दहा वर्षांत सुमारे २०,००० नवी घरं उभी राहिली, असा आकडा रॉटनबर्ग यांनी दिला आणि ही घरं ज्यांच्यासाठी बांधली गेली त्यांना ‘यप्पी’ म्हटलं. आईवडिलांच्या आळसावलेल्या उपनगरी आयुष्याविरुद्ध बंड करणारे, ज्यांना सुखसोय किंवा सुरक्षितता नको, चैतन्य हवंय आणि ते दाटीवाटीच्या वस्तीतच मिळतं असं ज्यांना वाटतं, ते हे लोक. लेखाचा एकूण सूर मात्र साशंक होता. शहरांचा पुनर्जन्म झाला म्हणून इतक्यात पेढे वाटू नका, असा.

शब्द आपण घडवला असा दावा रॉटनबर्ग यांनी केलेला नाही. तो आधीपासून बोलण्यात असावा.

मग श्रेय बॉब ग्रीन यांना का दिलं जातं?

कारण शब्द घरोघरी पोचला तो त्यांच्यामुळे. ग्रीन ‘शिकागो ट्रिब्यून’चे स्तंभलेखक होते आणि त्यांचा मजकूर इतर अनेक वर्तमानपत्रांतही छापला जाई. मार्च १९८३ मध्ये त्यांनी जेरी रुबिन यांच्यावर लिहिलं. रुबिन त्या काळात न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’ या नाइटक्लबमध्ये धंदेवाईक ओळखी वाढवण्याचे मेळावे भरवत. मागे मंद शास्त्रीय संगीत, हातात व्हिजिटिंग कार्डं. तिथे जमलेल्यांत एक कोटी चालली होती: जेरी रुबिन ‘यिप्पी’चा ‘यप्पी’ झाला. ग्रीन यांनी ती उचलली आणि ती शीर्षकातही गेली.

तिसरा दावा कॅलिफोर्नियाचा. बर्कलेच्या ‘ईस्ट बे एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात विनोदी लेखिका अॅलिस कान यांनी १९८३ मध्येच यप्पींची सविस्तर टर उडवली आणि शब्दावर हक्कही सांगितला. तो वादग्रस्त आहे, पण यप्पीचं ठळक व्यंगचित्र रंगवण्यात त्यांचा वाटा मोठा.

‘यिप्पी’ काय प्रकार होता? ही कोटी लोकांना एवढी का आवडली?

‘यूथ इंटरनॅशनल पार्टी’ या नावाने १९६७ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये काही जणांनी एक अर्धा-राजकीय, अर्धा-वात्रट गट काढला. अॅबी हॉफमन, जेरी रुबिन, पॉल क्रॅस्नर ही त्यातली ठळक नावं. १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं तेव्हा व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ यांनी ‘पिगॅसस’ नावाचं जिवंत डुक्कर राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून पुढे केलं. पुढे दंगल भडकवण्याच्या कटाचा खटला झाला. ‘शिकागो सेव्हन’ म्हणून गाजलेल्या त्या खटल्यात हॉफमन आणि रुबिन दोघेही आरोपी होते.

आणि तोच रुबिन १९८० मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या एका दलाली पेढीत नोकरीला लागला! एका स्वराच्या बदलात माणसाचं सबंध स्थित्यंतर मावत होतं. वर्तमानपत्रवाल्यांना आणखी काय हवं? ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर हॉफमन आणि रुबिन यांनी ‘यिप्पी विरुद्ध यप्पी’ अशा जाहीर वादसभाही गावोगाव केल्या. एक म्हणे बंड चालू ठेवा, दुसरा म्हणे पैसा उभा करणं हीच पुढची क्रांती. हॉफमन १९८९ मध्ये वारले. रुबिन १९९४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसून गेले.

हिप्पी, यिप्पी, प्रेपी, यप्पी: फरक थोडक्यात सांगाल?

हिप्पीने व्यवस्थेकडे पाठ फिरवली. यिप्पीने तिची जाहीर फजिती केली. प्रेपी हा श्रीमंत खासगी शाळांतून आलेला, त्याचे कपडे आणि बोलणं घराण्यातून आलेलं. यप्पीचं सगळं स्वकमाईचं आणि बरंचसं नवं विकत घेतलेलं. लंडनमध्ये प्रेपीच्या जागी ‘स्लोन रेंजर’ हा शब्द होता. तोही घराण्याचाच मामला, त्यामुळे त्याला यप्पी समजू नये.

१९८४ हे ‘यप्पी वर्ष’ का?

वर्षाच्या सुरुवातीला ‘द यप्पी हँडबुक’ हे मिश्कील पुस्तक आलं. मग फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत गॅरी हार्ट यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये वॉल्टर माँडेल यांना अनपेक्षितपणे हरवलं. माँडेल यांच्यामागे कामगार संघटना, तर हार्ट यांच्याकडे तरुण, शिकलेला, शहरी मतदार. या मतदाराला नाव हवं होतं आणि एक आयतं तयार होतं. हार्ट स्वतः तेव्हा ४७ वर्षांचे होते, म्हणजे यप्पींचा उमेदवार काही यप्पी नव्हता. उमेदवारी शेवटी माँडेल यांनाच मिळाली. पण ३१ डिसेंबर १९८४ च्या अंकात ‘न्यूजवीक’ने मुखपृष्ठावर हे यप्पींचं वर्ष असल्याचं जाहीर करून टाकलं.

इथे लोकसंख्येचाही भाग आहे. १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेली अमेरिकेची भली मोठी पिढी तेव्हा ऐन कमावत्या वयात होती. त्या पिढीतही यप्पीच्या व्याख्येत काटेकोर बसणारे मूठभरच होते. जाहिरातदारांना ते प्रिय, कारण हेच लोक नवी वस्तू पहिल्यांदा घेऊन बघत.

यप्पी ओळखायचा कसा? कुठल्या वस्तू?

बीएमडब्ल्यू, रोलेक्स, पेरिए पाण्याची हिरवी बाटली, सुशी, ब्री चीज, भाज्या चिरणारं महागडं फूड प्रोसेसर यंत्र, स्क्वॅशची रॅकेट, पँटला पट्ट्याऐवजी गॅलिस. बाईच्या अंगावर रुंद खांद्याचा सूट आणि ऑफिसला पायी जाताना पायांत धावायचे बूट. उंच टाचांचे पिशवीत.

दोन वस्तू जवळून बघण्यासारख्या आहेत. एक, फायलोफॅक्स. सहा कड्यांची, पानं काढता-घालता येणारी चामडी डायरी. ब्रिटिश कंपनी १९२१ पासूनची, पण ऐंशीच्या दशकात ती एकाएकी दिमाखाची वस्तू झाली. दिनदर्शिका, पत्ते, खर्च, नकाशे सगळं एका कव्हरात. ती हरवली की माणूस आठवडाभर निकामी, कारण दुसरी प्रत कुठेच नसे.

दुसरी, मोटोरोलाचा ‘डायनाटॅक ८००० एक्स’ हा हातात धरून बोलायचा मोबाइल. अमेरिकेत १९८३ मध्ये त्याला सरकारी परवानगी मिळाली. किंमत ३,९९५ डॉलर, वजन पाऊण किलोच्या वर. चार्ज व्हायला दहाएक तास आणि त्यावर बोलणं जेमतेम अर्धा तास. सोयीच्या हिशेबात हे कुठेच बसत नव्हतं. रेस्टॉरंटच्या टेबलावर तो उभा करून ठेवणं हाच त्याचा मुख्य उपयोग, असं चेष्टेने म्हटलं जाई आणि त्यात तथ्य होतं.

पेरिएचं पुढे काय झालं तेही सांगून टाकू. फेब्रुवारी १९९० मध्ये पाण्यात बेंझीनचा अंश सापडला आणि कंपनीला जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत मागवाव्या लागल्या.

यप्पी म्हटलं की लोकांना वॉल स्ट्रीट का आठवतो?

ती नंतरची छटा. १९८२ पासून अमेरिकन शेअर बाजार चढत गेला, कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लागला आणि व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या पोरांना तिथे अफाट बोनस मिळू लागले. लंडनमध्ये २७ ऑक्टोबर १९८६ च्या ‘बिग बँग’ या शेअर बाजाराच्या नियमबदलाने शेअर दलालांचं ठरावीक कमिशन आणि जुन्या पेढ्यांची मक्तेदारी मोडीत काढली, परदेशी बँका आत आल्या, संगणकाच्या पडद्यावरचे व्यवहार सुरू झाले. ब्रिटनमध्ये शब्द रुजला तो याच काळात, त्यामुळे तिथे यप्पी म्हणजे सरळ ‘सिटी’तला, अर्थात लंडनच्या बँका-दलालांच्या भागातला पैसेवाला. टेम्सकाठच्या बंद पडलेल्या गोद्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या डॉकलँड्सच्या इमारती हा त्याचा पत्ता.

१९ ऑक्टोबर १९८७ ला डाउ जोन्स निर्देशांक एका दिवसात ५०८ अंशांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी कोसळला. यप्पी संपला, अशी भाकितं लगेच सुरू झाली. नोकऱ्या गेल्या हे खरं. माणसं मात्र शहरातच राहिली.

हा शब्द शिवी कधी झाला?

चेष्टा पहिल्यापासून होतीच. कडवटपणा आला तो भाडी वाढल्यावर. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात टॉम्पकिन्स स्क्वेअर नावाची बाग आहे. तिथे बेघर लोक, पंक मुलं, घरं बळकावून राहणारे असा जमाव असे. १९८८ च्या उन्हाळ्यात बाग रात्री एक वाजता बंद करण्याचा नियम लागू झाला आणि ६-७ ऑगस्टच्या रात्री पोलीस आणि निदर्शक यांच्यात मोठी धुमश्चक्री झाली. ‘यप्पी घाणीनो, मरा’ अशा अर्थाच्या घोषणा तेव्हा दिल्या गेल्या. जमाव बागेसमोरच्या ‘क्रिस्टोडोरा हाउस’मध्ये घुसला. १९२८ मध्ये गरीब स्थलांतरितांच्या सेवेसाठी बांधलेली ही सोळा मजली इमारत नुकतीच महागड्या फ्लॅटांची झाली होती. राग का, ते त्या एका इमारतीत दिसतं.

म्हणून जुन्या इंग्रजी मजकुरात ‘यप्पी’ आढळला की तारीख पाहा. १९८० ते ८२ मध्ये तो साधारण वर्णन असतो, १९८३-८४ मध्ये गंमत किंवा मतदारगट, १९८६ नंतर बहुतेक वेळा टोमणा.

‘यप्पी फ्लू’ हा खरा आजार आहे का?

आजार खरा, नाव चुकीचं आणि त्रासदायक. १९८४-८५ मध्ये नेवाडा राज्यातल्या इन्क्लाइन व्हिलेज या लेक टाहोकाठच्या सुखवस्तू गावात बऱ्याच जणांना महिनोन्महिने न हटणारा थकवा येऊ लागला. वर्तमानपत्रांनी ‘श्रीमंतांची दमणूक’ म्हणून त्याला यप्पी फ्लू म्हटलं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव दिलं. आज एमई/सीएफएस असं लिहितात (एमई म्हणजे मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, हे त्याचं दुसरं वैद्यकीय नाव).

यात नुसता थकवा नसतो. थोड्याशा श्रमानंतर, कधी दुसऱ्या दिवशी, लक्षणं एकदम बळावतात, झोपून उठल्यावरही ताजेपणा येत नाही, विचार गढूळतात. डॉक्टरांकडे पोचणारे आणि निदान होईपर्यंत पिच्छा पुरवू शकणारे लोक पैसेवाले होते, म्हणून आजारही त्यांचाच वाटला. १९९९ मध्ये शिकागोतच थेट वस्त्यांमध्ये जाऊन केलेली पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तो अल्पसंख्याक समाजांत आणि कमी शिक्षणाच्या, खालच्या दर्जाची कामं करणाऱ्यांत जास्त आढळला. रुग्णासमोर किंवा बातमीत ‘यप्पी फ्लू’ म्हणू नका. जुन्या नावाचा इतिहास सांगायचा असेल तेवढ्यापुरतं ठीक.

यावरून आणखी कोणते शब्द निघाले?

‘बप्पी’ म्हणजे कृष्णवर्णीय यप्पी, ‘गप्पी’ म्हणजे समलिंगी यप्पी. ‘डिंक’ म्हणजे दोन पगार आणि मूल नाही असं जोडपं. मराठीत हा खायच्या डिंकाशी गोंधळतो, तेव्हा अवतरणचिन्हं घालाच. २००० मध्ये डेव्हिड ब्रुक्स यांनी ‘बोबो’ आणला: खिसा भांडवलदाराचा, आवड कलंदराची. २०१५ मध्ये ‘यकी’ आला, सर्जनशील कामं करणाऱ्या तरुण शहरी लोकांसाठी. चिनी भाषेत हिप्पीला ‘शीपीशी’ म्हणतात, त्याच तालावर यप्पीला ‘यापीशी’.

मुंबई-पुण्याला हा शब्द लागू पडतो का?

जपून. भारतातल्या इंग्रजी नियतकालिकांनी तो ऐंशीच्या दशकातच उचलला, पण पगारदार तरुणांचा मोठा वर्ग १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतरच उभा राहिला. हिंजवडीत नोकरी आणि वाकडला हप्त्यांवर घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट, हे मूळ अर्थाच्या जवळजवळ उलट आहे. शहराच्या मध्यभागातून बाहेर जाणं आहे ते. सरसकट आयटीवाल्यांना यप्पी म्हणणं म्हणूनच चूक.

खरं साम्य आहे ते गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर बांधकामाची वाट मोकळी केली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती आणखी रुंद झाली. लोअर परळला वित्तकंपन्या आल्या, मॉल आले, चाळींच्या डोक्यावर टॉवर आले. बिल्डरांनी त्याच परळला ‘अप्पर वरळी’ म्हणायला सुरुवात केली. लोअरचं अप्पर! फरक एवढा, की शिकागोत मध्यभाग ओस पडला होता, इथे तो माणसांनी भरलेला होता.

मराठीत भाषांतर कसं करावं?

‘तरुण शहरी व्यावसायिक’ असं बरेच जण लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो. मराठी वाचकाला ‘व्यावसायिक’ म्हणजे हॉटेल व्यावसायिक, बांधकाम व्यावसायिक, थोडक्यात स्वतःचा धंदा असलेला माणूस. ‘तरुण शहरी व्यावसायिक’ वाचून डोळ्यांसमोर पांढऱ्या बुटांतला बिल्डर येतो. ‘पेशेवर’ हिंदी. ‘धंदेवाईक’मध्ये हेटाळणी, तीही भलतीच.

आम्ही सुचवतो ते असं. पहिल्या उल्लेखात ‘यप्पी’ लिहून लगेच एका वाक्यात खुलासा करा: शहरात राहणारे, उच्चशिक्षित, गलेलठ्ठ पगाराचे तरुण. पुढे नुसतं ‘यप्पी’. विशेषण असेल तर ‘यप्पी थाटाचं रेस्टॉरंट’. संवादात टोमणा असेल तर शब्दापेक्षा सूर सांभाळा. ‘कोट-टायवाले आले बघा’ यानेही काम होतं.

‘नवश्रीमंत’ किंवा ‘उच्चभ्रू’ चालेल?

नाही. नवश्रीमंतावर आरोप असतो की त्याला अभिरुची नाही. यप्पीवर असतो की ती जरा जास्तच आहे. ‘उच्चभ्रू’ आपण वस्तीला लावतो, वयाशी त्याचा संबंध नाही. कुणी ‘चाकरमानी’ सुचवतं, पण चाकरमान्याचा एक पाय कायम कोकणात असतो. गणपतीला रजा टाकून गावाला जाणारा माणूस या व्याख्येत कसा बसणार?

आजची गोष्ट लिहिताना हा शब्द वापरावा का?

अमेरिकेत तो आता थोडा जुनाट वाटतो, पन्नाशी-साठीतल्या माणसाच्या तोंडी शोभतो. कथा ऐंशीच्या दशकात घडत असेल तर बिनधास्त वापरा. १९७५ मधल्या पात्राच्या तोंडी मात्र घालू नका.

‘यिप्पी’ नूडल्सचा याच्याशी काही संबंध?

काही नाही. ते इंग्रजीतलं आनंदाचं ओरडणं आहे, आपल्या ‘हुर्रे’सारखं.